३१७ आणि ४१७ : जुन्या आलिशान हॉटेलात नेमकं काय बिनसतं

तुमचा अनुभव दोनदा वाचला. थोडक्यात असं, की लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला शंभरी ओलांडलेल्या एका नामांकित हॉटेलात तुम्ही तीन रात्री राहिलात. पडदा सारला तर समोर भिंत, अंघोळीचं पाणी कोमट, रात्री भिंतीतून कुणी ठोकतंय असा आवाज, आणि ज्याच्यासाठी गेलात ते जेवणाचं दालन कुणाच्या तरी समारंभासाठी बंद. तक्रार केल्यावर माफीचं पत्र आणि दोन रात्रींचं व्हाउचर आलं. वर्षभराने ते वापरायला गेलात, तर पुन्हा तेच. फक्त खोली ३१७ ऐवजी ४१७. आता तुम्ही विचारताय, की आमच्याच अपेक्षा अवास्तव होत्या का, आणि परत पत्र लिहावं की विषय सोडून द्यावा.

अपेक्षा अवास्तव नव्हत्या. पत्र जरूर लिहा. कसं ते पुढे सांगतो. मी अशाच एका जुन्या हॉटेलात चौदा वर्षं काउंटरच्या आतल्या बाजूला काढली, त्यातली सहा रात्रपाळीचा मॅनेजर म्हणून. त्यामुळे जे सांगतोय त्यात थोडा कबुलीजबाबही आहे.

जुनं हॉटेल ही एक इमारत नसते. वाडा जसा एकेका पिढीने एकेक सोपा वाढवत नेलेला असतो, तसंच ते. सिंगापूरचं रॅफल्स १८८७ मध्ये सुरू झालं ते १० खोल्यांच्या एका बंगल्यात. आज फोटोत दिसते ती मुख्य इमारत १८९९ ची. मधल्या काळात आजूबाजूला इमारती जोडत गेले. बहुतेक सगळ्या नामवंत जुन्या हॉटेलांची गोष्ट थोड्याफार फरकाने हीच. म्हणजे एकाच नावाखाली, एकाच दराच्या आसपास, तीन-चार वेगवेगळ्या वयाच्या आणि वेगवेगळ्या नशिबाच्या खोल्या असतात. जाहिरातीत येतो जिना, झुंबर आणि दर्शनी बाजूची कोपऱ्यातली खोली. तुमच्या वाट्याला येते ती मागच्या बाजूची, जिथे कधीकाळी पाहुण्यांबरोबर आलेले नोकरचाकर झोपत असत. ही अतिशयोक्ती नाही. मी जिथे होतो तिथल्या सर्वांत स्वस्त वर्गातल्या निम्म्या खोल्या मुळात त्यासाठीच बांधलेल्या होत्या.

पाण्याचं आणि आवाजाचं कोडंही इतिहासातच सुटतं. प्रत्येक खोलीला स्वतःचं न्हाणीघर ही कल्पना आपल्याला वाटते तितकी जुनी नाही. १८९८ साली पॅरिसमध्ये सेझार रिट्झने आपलं हॉटेल उघडलं तेव्हा खोलीला लागून न्हाणीघर ही मिरवण्याची गोष्ट होती. पुढे १९०८ मध्ये अमेरिकेत बफेलो शहरात एल्सवर्थ स्टॅटलरने एक साधी पण हुशार युक्ती केली. शेजारच्या दोन खोल्यांची न्हाणीघरं पाठीला पाठ लावून बांधायची आणि दोघांच्या मध्ये तळापासून छतापर्यंत एक उभी पोकळी ठेवायची. सगळे नळ त्या पोकळीतून. दुरुस्ती करायची तर माणूस तिथे शिरतो, पाहुण्याला पत्ताही लागत नाही. ज्या इमारती अशी पोकळी न ठेवता बांधल्या गेल्या, तिथे न्हाणीघरं नंतर घुसवली: कुठे कपाटाची जागा खाऊन, कुठे बोळ अर्धा करून. नळ मग जागा मिळेल तिथून, जाड भिंतीत गाडून नेले. गरम पाणी आलं की धातूचा नळ प्रसरण पावतो, कुठेतरी अडतो आणि सुटताना ठोका देतो. किंवा वरच्याने झटक्यात नळ बंद केला की पाण्याचा धक्का खालपर्यंत पोचतो. तुमच्या भिंतीत रात्री ठोकणारं ‘कुणीतरी’ बहुधा यांपैकीच एक.

कोमट पाण्याबद्दल एक उपयोगाची गोष्ट सांगतो. मोठ्या हॉटेलात गरम पाणी साधारण ६० अंशांना साठवतात, कारण त्याखाली लीजनेला नावाचे जिवाणू वाढायची भीती असते. म्हणजे टाकीत पाणी गरमच असतं. तुमच्या नळाला ते कोमट येत असेल तर दोनच शक्यता उरतात. एक, गरम पाणी सतत फिरतं ठेवणारी वाहिनी तुमच्या टोकापर्यंत नीट पोचत नाही. दोन, शॉवरच्या मिक्सरमधला थंड-गरम मिसळणारा छोटा भाग निकामी झालाय. दुसरं असेल तर प्लंबर वीस मिनिटांत बदलून देतो. पहिलं असेल तर तुमच्या मुक्कामात काहीही होणार नाही, कुणी कितीही गोड हसो. ओळखायचं असं: बेसिनला कडक पाणी येतंय आणि शॉवरलाच कोमट येतंय, तर मिक्सर. दोन्हीकडे कोमट, तर सामान न उघडता खोली बदलून मागा.

एसीचंही तसंच. बऱ्याच जुन्या इमारतींत खोल्यांपर्यंत पाण्याच्या नळांची एकच जोडी जाते. त्यातून एक तर थंड पाणी फिरतं, नाही तर गरम. अख्ख्या इमारतीला एकच काय ते मिळतं, आणि हा बदल वर्षातून दोनदा, ऋतू पालटताना करतात. त्यामुळे मधल्या महिन्यांत तुमच्या भिंतीवरचं तापमानाचं ते सुंदर बटण म्हणजे लहान मुलाच्या हातात दिलेलं खोटं स्टिअरिंग. फिरवा हवं तितकं.

आता हे सगळं दुरुस्त का करत नाहीत? इथे बहुतेक पाहुण्यांची फसगत होते, कारण आपण समजतो की ज्याचं नाव दारावर, तोच मालक. क्वचितच असतो. इमारत एकाची, चालवणारी कंपनी दुसरी. न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अस्टोरियाचं उदाहरण घ्या. १९३१ ची ती इमारत हिल्टनने अनबांग या चिनी विमा कंपनीला विकली. २०१४ मध्ये सौदा जाहीर झाला तेव्हाच पुढची १०० वर्षं हॉटेल चालवायचा करार हिल्टनने स्वतःकडे ठेवला होता. चालवणाऱ्या कंपनीला साधारणपणे एकूण उलाढालीच्या ३ टक्क्यांच्या आसपास मोबदला मिळतो, नफ्यातला वाटा वेगळा. नळ बदलायचा खर्च मात्र मालकाचा. फर्निचर-सामानासाठी उलाढालीच्या ४ टक्के बाजूला ठेवायची रीत आहे. पण तेवढ्यात गालिचे, पडदे, गाद्या होतात, भिंती फोडून नळ होत नाहीत. म्हणून तुम्हाला नवे पडदे दिसतात आणि जुना ठोका ऐकू येतो.

खरं काम करायचं तर हॉटेल बंद ठेवावं लागतं, आणि तिथे भल्याभल्यांचे अंदाज कोलमडलेत. लंडनचं सॅव्हॉय डिसेंबर २००७ मध्ये बंद झालं तेव्हा खर्च १० कोटी पौंड धरला होता. उघडायला ऑक्टोबर २०१० उजाडलं आणि आकडा २२ कोटींवर गेला. पॅरिसचं रिट्झ २०१२ मध्ये सव्वादोन वर्षांसाठी म्हणून बंद झालं ते जून २०१६ मध्ये उघडलं; मधे जानेवारीत आगही लागली. वॉल्डॉर्फ २०१७ ला बंद झालं, २०२५ ला उघडलं, आणि १,४०० हून जास्त खोल्यांच्या हॉटेलात आता ३७५ खोल्या आहेत. बाकीची इमारत विकाऊ घरांची झाली. हे आकडे पाहिलेला कुठलाही मालक म्हणतो, चालू राहू दे, दर वर्षी एकेक मजला रंगवून घेऊ.

खिडक्यांबद्दल फार लिहीत नाही. इमारत संरक्षित असेल तर बाहेरून दिसणारी चौकट सहसा बदलता येत नाही, म्हणून जुनी एकेरी काच तशीच राहते. आतून दुसरी काच बसवलेली खोली मागा, रस्त्याचा आवाज निम्म्याहून कमी होतो.

आता नोकरवर्ग. तुम्ही लिहिलंय, ‘सगळे अतिशय नम्र होते, पण काहीच झालं नाही.’ हे वाक्य मी डोळे मिटून ओळखतो, कारण त्या नम्र लोकांत मी होतो. आमच्याकडे पहिल्या मजल्यावर १०९ नंबरची खोली होती. आपसात आम्ही तिला ‘भट्टी’ म्हणायचो. खाली लाँड्रीची कपडे वाळवायची यंत्रं, ती रात्री अकराला सुरू व्हायची आणि पहाटे चारपर्यंत चालायची. खोल्यांच्या तक्त्यावर १०९ पुढे पेन्सिलीचा एक बारीक ठिपका असे. अर्थ असा, की हिला सर्वांत शेवटी द्या. एकटा, एका रात्रीचा, उशिरा येणारा, सवलतीच्या दराचा पाहुणा बघून द्या. एकदा रात्री दोन वाजता एक सत्तरीच्या बाई सपाता हातात घेऊन लॉबीत आल्या. मला म्हणाल्या, “जमीन गरम आहे हो.” मी वर गेलो, बूट काढले, गालिच्यावर उभा राहिलो आणि जणू पहिल्यांदाच कळतंय असा चेहरा केला. हॉटेलात तेव्हा तीन खोल्या रिकाम्या होत्या. तिन्ही वरच्या वर्गातल्या, आणि वरच्या वर्गात हलवायला दिवसपाळीच्या साहेबांची परवानगी लागे. त्यांना रात्री दोनला उठवायची माझी छाती नव्हती. मी बाईंना टेबलफॅन आणून दिला. त्यांनी माझे आभार मानले. अजून ते आभार टोचतात.

सांगायचा मुद्दा, नम्रता शिकवता येते आणि ती फुकट पडते. अधिकार द्यावा लागतो, त्याला पैसे पडतात. रिट्झ-कार्लटन साखळीत (नाव सारखं असलं तरी पॅरिसच्या रिट्झची मालकी त्यांच्याकडे नाही) पाहुण्याची अडचण सोडवायला कुठल्याही कर्मचाऱ्याला वरिष्ठांना न विचारता २,००० डॉलरपर्यंत खर्चाची मुभा असल्याचं प्रसिद्ध आहे. बाकी ठिकाणी समोरच्या माणसाकडे बहुधा फक्त टेबलफॅन असतो. म्हणून काउंटरवर वाद घालू नका. पहिल्याच तासाला, शांतपणे, ड्युटी मॅनेजर खाली बोलवायला सांगा आणि त्याला खोलीत घेऊन जा. माणूस स्वतः खोलीत उभा राहिला की त्याला नाही म्हणणं जड जातं. दुसऱ्या दिवशी सांगितलेल्या तक्रारीची किंमत अर्धी, घरी जाऊन लिहिलेल्या तक्रारीची पाव. तुम्ही पहिल्या वेळी तिसऱ्या दिवशी बोललात, तिथे मात्र तुमचं चुकलं.

आणि आता तुमची दुसरी खेप. तुम्ही लिहिलंय, ‘या वेळी तर मजलाही वेगळा होता.’ ३१७ आणि ४१७. अहो, वेगळा मजला कसला, ती तीच खोली आहे, फक्त एक जिना वर. हॉटेलात खोल्यांचे शेवटचे दोन आकडे सहसा उभ्या रांगेने जुळतात. १७ ची सगळी रांग त्याच भिंतीकडे तोंड करून, त्याच नळावर टांगलेली असणार. तुमच्यावर कुणी डूख धरला नव्हता. व्हाउचरच्या रात्री हिशेबात सर्वांत खालच्या वर्गात टाकतात, कारण त्यातून कमाई शून्य. आणि खालचा वर्ग म्हणजेच बहुधा ती रांग. माफीच्या पत्रावर सही करणारा आणि खोली वाटणारा एकमेकांशी बोलले असतील असं समजू नका. आमच्याकडे तरी ते वेगवेगळ्या मजल्यांवर बसत. म्हणून व्हाउचर घ्यायचंच असेल तर त्यावर खोलीचा वर्ग लिहून घ्यायचा, नाही तर सरळ झालेल्या बिलातून रक्कम परत मागायची. मी स्वतः दुसरंच करतो.

पत्राचं आता. भावना, पंचविसावा वाढदिवस, स्वप्न वगैरे एका ओळीत आटपा. रोज अशी पत्रं वाचणाऱ्याचं मन त्याने हलत नाही, हे दुर्दैवाने खरं आहे. त्याऐवजी दोन्ही मुक्कामांच्या तारखा, दोन्ही खोल्यांचे नंबर, कुणाला किती वाजता सांगितलं आणि त्याने काय केलं, एवढं लिहा. दालन बंद असल्याचं बुकिंगच्या वेळी कळवलं नव्हतं, हे वेगळ्या परिच्छेदात. मागणी एकच आणि नेमकी: पहिल्या मुक्कामातल्या अमुक रात्रींचे पैसे. पत्र जनरल मॅनेजरच्या नावे पाठवा, आणि मालक कंपनी वेगळी असेल तर प्रत तिलाही. या दुसऱ्या प्रतीला बहुतेक लोक विसरतात. चालवणारी कंपनी पाहुण्यापेक्षा मालकाला जास्त घाबरते, कारण करार मालकाशी असतो.

आणि पत्रात एक वाक्य आवर्जून टाका: ‘पहिल्या तक्रारीनंतर आम्हाला त्याच उभ्या रांगेतली खोली देण्यात आली.’ नंबर शेजारी शेजारी लिहा, ३१७, ४१७. वाचणाऱ्याच्या टेबलावर खोल्यांचा तक्ता असतोच. तो तक्ता ओढून बघेल, आणि १७ च्या रांगेपुढे पेन्सिलीचा ठिपका असेल तर तो त्याला तुमच्या आधीच दिसलेला असेल.