पाचटावरची पांढरी बुरशी आणि न कुजणारी पऱ्हाटी

प्रश्न : उसाच्या खोडव्यात (तोडणीनंतर बुडख्यांतून फुटलेल्या पिकात) पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला, सरीत ठेवलं आहे. पावसाळ्यात उकरून पाहिलं तर आत पांढऱ्या धाग्यांचं जाळं. उसाला रोग लागेल का? बुरशीनाशक फवारू?

उत्तर : फवारू नका. हीच बुरशी पाचट कुजवते आहे. बुडखे छाटल्यावर त्यांवर आपण कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक फवारतो, ते बुडख्यांपुरतंच ठेवा.

पाचटातलं सेल्युलोज, म्हणजे त्याचा तंतुमय भाग, बरेच जिवाणू खातात, ट्रायकोडर्मा ही बुरशीही खाते. पण कुडाच्या कामट्यांवर माती लिंपावी तसं त्यावर लिग्निन, म्हणजे काडीला कडकपणा देणारा घटक, बसलेलं असतं. ते पुरतं फोडणं जमतं मुख्यतः लाकूड कुजवणाऱ्या ‘पांढरी कूज’ गटातल्या बुरशांना. त्यांचे धागे लॅकेज, पेरॉक्सिडेज अशी विकरं (एन्झाइम) बाहेर सोडतात, लिग्निनचे तुकडे पडतात आणि आतलं सेल्युलोज मोकळं होतं. मागे उरतो तो फिकट, धागेदार भाग. जुन्या वाशाचे तपकिरी, चौकोनी ठोकळे पडलेले पाहिले असतील. ती ‘तपकिरी कूज’. ती सेल्युलोज खाते, लिग्निन बरंचसं मागे ठेवते.

मात्र धाग्यांत मोहरीएवढे तपकिरी दाणे दिसले आणि जवळचा भुईमूग किंवा सोयाबीन बुडाशी कुजून कोलमडत असेल, तर ती स्क्लेरोशियम, म्हणजे रोगाची बुरशी. अशा वेळी नमुना घेऊन या.

प्रश्न : पऱ्हाटीची (कपाशीच्या वाळलेल्या झाडांची) कुट्टी खड्ड्यात भरली, युरिया दुप्पट टाकला, वरून मातीने लिंपून घेतलं. पाला कुजला, काड्या तशाच. कुजवण्यासाठी टाकलेलं संवर्धक (जिवाणू-बुरशांचं पाकीट) बोगस निघालं का?

उत्तर : आधी खड्डा उघडा. पऱ्हाटीत साधारण पाव हिस्सा लिग्निन असतं आणि ते फोडणाऱ्या विकरांना प्राणवायू लागतोच. लिंपलेल्या खड्ड्यात पाला कुजेल, काडी नाही. ढीग जमिनीवर लावा, तीन-चार आठवड्यांनी पालटा. कुट्टी मुठीत दाबली की हाताला ओल लागावी, पाणी गळू नये.

दुप्पट युरियाने काम लवकर होईल असं बऱ्याच जणांना वाटतं. पाचटाला टनामागे 8 किलो युरिया, 10 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि 1 किलो संवर्धक अशी शिफारस आहे; पऱ्हाटीलाही त्याच अंदाजाने द्या. सेल्युलोज खाणाऱ्या जिवाणूंना एवढं नत्र हवं असतं. पण पांढऱ्या कुजीच्या काही बुरशा नत्राची टंचाई झाल्यावरच लिग्निनकडे वळतात, म्हणजे जादा युरिया उलटाच पडतो.

संवर्धकाचं पाकीट वाचा. त्यात नुसता ट्रायकोडर्मा असेल तर जाड काड्या फोडण्याची अपेक्षा त्याच्याकडून करू नका. शिवाय ढीग सुरुवातीला 60 अंशांपर्यंत तापतो, त्यात लाकूड कुजवणाऱ्या बुरशा तग धरत नाहीत. त्या ढीग निवल्यावरच मिसळा.

धिंगरी अळंबी याच पांढऱ्या कुजीच्या गटातली. घरी कोणाला हौस असेल तर थोडी कुट्टी भिजवून, वाफवून तिच्यावर धिंगरी घ्या. अळंबी काढून झाल्यावर उरलेला भुसा अर्धा कुजलेलाच असतो, तो ढिगात जिरवायला सोपा.

आणि कुट्टी न केलेली पऱ्हाटी बांधावर रचून ठेवली असेल तर ती आधी उचला. तिच्यातल्या न उमललेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी पुढच्या हंगामापर्यंत तग धरते.