पाच जणांनी पाच सुधारणा सांगितल्या, आता नाटक माझं वाटंना

प्रश्न : ताई, मी करवीर तालुक्यातला. गुऱ्हाळावर एकांकिका लिहिलीय, बाप गुळव्या, म्हणजे रस आटवून गूळ करणारा, आणि पोरगा थर्मामीटर आणतो असं आहे. ग्रुपमध्ये वाचली तर एक म्हणाला सुरुवात लांबतीय, ती कापली. मग पुढच्या वाचनाला तिघांना शेवट पटंना, एक म्हणतो बाप रडायला पाहिजे. कुणी म्हणतं आईचा रोल वाढव, कुणाला भाषा लई गावरान वाटली. चारदा लिहिलं. कुणाचं ऐकू?

उत्तर : भावा, चारदा लिहिलंस याचं मला खरंच कौतुक वाटलं. पण मित्रांनी सांगितलेलं दुखणं आणि त्यांनी दिलेलं औषध, दोन्ही तू एकदमच गिळतोयस. दुखणं खरं असतं रे, ऐकताना ते कुठंतरी अडलेत. औषधाचं तूच बघायचं.

तुझे चारही खर्डे वाचले. पहिल्यात बाप उकळत्या काहिलीतला पाक जरासा काढून गार पाण्यात सोडतो, बोटांनी गोळी वळतो, बाकीचे झालं झालं म्हणत असले तरी गोळी मनासारखी वळेपर्यंत काहील उतरू देत नाही. काय सुंदर प्रसंग! सुरुवात लांबतीय म्हणून तू नेमका तोच कापलास, आणि मग शेवटी पोरगा म्हणतो ११८ डिग्री झालं उतरा, आणि बाप गप हात धुवून निघून जातो, तर तो का गेला हे बघणाऱ्याला कळणार कसं? पहिल्या वाचनात शेवटाबद्दल कुणी अवाक्षर काढलं नव्हतं, आठवतंय का? त्याला रडवून काय होणार, दुखणं तिसऱ्या पानावर आहे, जिथनं तू तो गोळीचा प्रसंग कापलास.

भाषेचं म्हणशील तर कुठला शब्द अडला ते विचार. चुलवाण, मळी, आदण हे हातातल्या कामावरून समजतं, नट चुलवाणात चिपाडं सारताना दिसला की झालं.

आईचं मात्र मला पटलं, तिथं हट्ट धरू नको. अख्ख्या नाटकात तिला "चहा ठेवू?" एवढंच वाक्य आहे आणि नवऱ्याला सगळ्यात जास्त तीच ओळखते. ती काय बोलेल ते तू शोध, मी सांगणार नाही.

आता एकच कर, गोळीचा प्रसंग परत घाल, बाकी कशाला हात लावू नको, आणि ज्यांनी हे कधीच ऐकलं नाही अशा दोघांना वाचून दाखव. कसं वाटलं म्हणून विचारू नको, बाप का गेला ते विचार.