रुमालाखालचा भाव

चि. पोरी, अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप परवा रात्री वाचला. ‘काका, रेपो दर कमी झाला, बँकांचे शेअर घेऊ का?’ एवढाच प्रश्न होता, पण त्याच्या खालची ओळ मला जास्त लागली. ‘त्या दिवशी तुम्ही अर्थशास्त्राला इतकी नावं ठेवलीत की मी एम.ए. कशाला करतेय असं वाटायला लागलं.’ तुझ्या बाबांसमोर माझा आवाज चढला होता, ते बरं झालं नाही. मला काय म्हणायचं होतं ते नीट सांगायचं राहिलं, ते आता लिहितो.

आधी तुझा प्रश्न. रेपो म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना थोड्या मुदतीसाठी पैसे उसने देते तो दर. पुस्तकातली साखळी तुला पाठ आहे: दर उतरला की कर्ज स्वस्त, कर्ज स्वस्त झालं की उठाव जास्त, म्हणून बँकेला नफा. आता माझ्या वर्कशॉपचं कर्ज बघ. ऑक्टोबर २०१९ पासून रिझर्व्ह बँकेने घरकर्ज आणि लहान उद्योगांची बदलत्या व्याजाची नवी कर्जं रेपोसारख्या बाहेरच्या दराला जोडायला लावली. त्यामुळे रेपो उतरला की तीन महिन्यांच्या आत माझं व्याज उतरतं. पण माझ्या बहिणीने त्याच शाखेत तीन वर्षांची ठेव ठेवली आहे. तिला ठरलेलं व्याज मुदत संपेपर्यंत द्यावंच लागतं. म्हणजे बँकेचं येणं लगेच कमी झालं आणि देणं तसंच राहिलं. पहिल्या काही तिमाहीत बँकेचं मार्जिन, म्हणजे येणाऱ्या आणि द्याव्या लागणाऱ्या व्याजातला फरक, आवळलं जातं. कोणत्या बँकेची किती कर्जं रेपोला जोडलेली आहेत आणि ठेवी किती मुदतीच्या आहेत, ते बघितल्याशिवाय ‘बँकांचे शेअर’ असं एका दमात म्हणताच येत नाही. साखळी खोटी नाही, फक्त तिच्या मधल्या दोन कड्या गळलेल्या असतात, आणि पैसे बुडतात ते तिथेच.

मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकलो नाही. आयटीआय करून बेळगावच्या उद्यमबागेत पॅटर्नच्या, म्हणजे ओतकामाच्या साच्यासाठी लागणारे लाकडी नमुने करायच्या कामाला लागलो, पुढे स्वतःचं वर्कशॉप काढलं. कागदी शेअर सर्टिफिकेटं पोस्टाने यायची त्या काळापासून घेतोय. जे शिकलो ते रात्री डिक्शनरी शेजारी ठेवून वार्षिक अहवाल वाचत शिकलो. पण भाव म्हणजे काय, हे त्याच्याही आधी आजोबांबरोबर जनावरांच्या बाजारात बघितलं होतं.

हेडे, म्हणजे जनावरांचे दलाल, रुमालाखाली हात घालून बोटं दाबत भाव करायचे, तोंडाने आकडा नाही. आजोबा आधी तासभर बैलाभोवती फिरायचे. दात बघायचे, खूर उचलून बघायचे, चार पावलं चालवून बघायचे, मगच रुमालाखाली हात घालायचे. एकदा एक चांगला खोंड त्यांना फार स्वस्तात मिळाला. घरी येताना मी विचारलं, एवढ्या कमीत कसा दिला? ते म्हणाले, ‘त्याच्या पोरीचं लगीन आठवड्यावर आलंय.’ तुझ्या पुस्तकात लिहिलंय की उपलब्ध असलेली सगळी माहिती भावात उतरलेली असते. त्या भावात खोंडाबद्दलची माहिती होती, आणि विकणाऱ्याची नडही होती. शेअरबाजारात तो रुमाल फक्त पडद्याचा झालाय. २०१३ साली अर्थशास्त्राचं नोबेल म्हणतात ते पारितोषिक तिघा अर्थशास्त्रज्ञांना मिळालं. त्यात फामा होते, ज्यांनी भाव माहिती झटपट पचवतो असं मांडलं. आणि शिलर होते, ज्यांनी दाखवलं की लाभांशाच्या मानाने भाव कितीतरी जास्त हेलकावे खातो. दोघांचं वाच. मला शिलर पटतात, कारण मला तो खोंड आठवतो.

आणि हे पारितोषिक नोबेलच्या मृत्युपत्रातलं नव्हे बरं का. स्वीडनच्या मध्यवर्ती बँकेने १९६८ साली ते सुरू केलं. हायेक या अर्थशास्त्रज्ञाला १९७४ साली ते मिळालं, तेव्हा मेजवानीच्या भाषणात त्यांनीच सांगितलं की मला विचारलं असतं तर हे सुरू करू नका म्हटलं असतं, अर्थशास्त्रात एवढा अधिकार कुणा एकाला मिळू नये. हे माझ्यासारख्या बाहेरच्याने म्हटलं तर आगाऊपणा ठरेल, म्हणून त्यांचं सांगतो.

आता माझी चूक ऐक, कारण माझा आवाज चढला तो तिच्यामुळे. जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्स २१,००० च्या घरात होता. टीव्हीवर एक अर्थतज्ज्ञ रोज संध्याकाळी वाढीच्या दराचे तक्ते दाखवायचे, रस्ते आणि वीज या दोन क्षेत्रांना पुढची दहा वर्षं मरण नाही म्हणायचे. मी दोन वर्षांची शिल्लक त्यात घातली. सप्टेंबरमध्ये एका गिऱ्हाइकाने तयार झालेले पॅटर्न नेलेच नाहीत. सागवानी लाकडाचे, घासून गुळगुळीत केलेले, लाल रंग दिलेले, ते फळीवर तसेच राहिले आणि त्यांच्यावर रेतीची धूळ बसायला लागली. शेजारची फाउंड्री आठवड्याला सहा दिवस बीड ओतायची, ती तीन दिवसांवर आली. मंदी माझ्या दारात येऊन उभी होती. तरी मी टीव्हीवरच्या तक्त्याची वाट बघत बसलो, कारण तो शिकलेला माणूस होता आणि मी आयटीआयवाला. ऑक्टोबरअखेर निर्देशांक ९,००० च्या खाली गेला. घेतलेल्यातल्या दोन कंपन्या नंतर कधीच वर आल्या नाहीत. तुझ्या काकूने तेव्हा एका शब्दाने विचारलं नाही, ते मला आजही जड जातं.

देशाच्या उत्पन्नाचा तिमाही आकडा तिमाही संपून दोन महिन्यांनी येतो, आणि पुढे तो सुधारलाही जातो. ८ नोव्हेंबर २०१६ ला पाचशे-हजाराच्या नोटा बंद झाल्या, तेव्हा इथल्या वडगाव-शहापुरात विणकरांचे माग थंडावले होते. पगाराला रोख नाही, सूत उधार मिळत नाही. तो आवाज कमी झालेला गल्लीतल्या प्रत्येकाला कळत होता, पण आकड्यात तो उमटणार कसा? असंघटित क्षेत्राचा तिमाही अंदाज तेव्हा बराचसा संघटित क्षेत्राच्या कलावरून बांधला जायचा. ही तक्रार खुद्द अर्थतज्ज्ञांनीच केली होती. उलटंही होतं. ३१ ऑगस्ट २०२० ला टाळेबंदीतल्या एप्रिल-जूनचा आकडा आला, २३.९ टक्क्यांची घट. सेन्सेक्स मात्र २३ मार्चच्या २५,९८१ वरून तोवर ३८,००० च्या पुढे गेला होता. आकडा वाचून विकणारा आणि आकडा वाचून घेणारा, दोघांच्याही हातात शिळा कागद होता.

जास्त खोल दोष मला दिसतो तो वेगळाच. १९२१ साली फ्रँक नाइट या अर्थशास्त्रज्ञाने एक भेद केला: ज्याची शक्यता मोजता येते ती जोखीम, आणि जिची मोजताच येत नाही ती अनिश्चितता. पुढच्या पिढ्यांनी दुसरीला पहिलीचे कपडे घातले, भावाच्या चढउताराला जोखीम म्हटलं आणि त्यावर गणित उभारलं. अर्थशास्त्राचं १९९७ चं पारितोषिक मिळालेले मर्टन आणि शोल्स ज्या अमेरिकन गुंतवणूक फंडात (लाँग-टर्म कॅपिटल मॅनेजमेंट) भागीदार होते, त्याची गोष्ट तुला वर्गात सांगितली असेल. १९९८ च्या सुरुवातीला घरच्या एका रुपयावर उसने सुमारे पंचवीस, अशी त्यांची मांडणी होती. ऑगस्टमध्ये रशियाने कर्ज बुडवलं आणि सप्टेंबरात चौदा वित्तसंस्थांना ३.६ अब्ज डॉलर ओतून तो फंड सावरावा लागला. त्यांचे बरेच अंदाज पुढे बरोबरही ठरले असते. पण उसनवारी केलेल्या माणसाला ‘पुढे’ मिळत नाही. आपल्याकडे सावकाराच्या पैशावर ऊस लावणाऱ्याला हे कुणी शिकवावं लागत नाही.

आता जे पटतं तेही सांगतो, नाहीतर पुन्हा तू एकच बाजू घेऊन जाशील. तुमच्या पुस्तकातला कोळ्याच्या जाळ्याचा सिद्धांत मला सोन्यासारखा वाटतो. तुमच्या खानापूर भागात एका वर्षी रताळ्याला भाव मिळाला की पुढच्या वर्षी जो तो वेल लावतो. मार्केट यार्डात पोत्यांची थप्पी लागते, भाव कोसळतो, मग त्याच्या पुढच्या वर्षी कुणी लावत नाही. हे पोलाद, सिमेंट, साखर सगळ्यांना लागू आहे. एका धंद्यातल्या सगळ्या कंपन्या एकाच वर्षी नवे कारखाने जाहीर करायला लागल्या की मी तिथून पाय काढतो. या एका आकृतीने मला जेवढे पैसे वाचवून दिले, तेवढे कुठल्याच वाढीच्या अंदाजाने मिळवून दिले नाहीत. म्हणून एम.ए. सोडू नको. यंत्रणा कशी चालते ते त्यातून शीक, इतिहास शीक. उद्या काय होणार, हे मात्र त्या पुस्तकाला विचारू नको.

‘दीर्घ मुदतीत बाजार वरच जातो’ हे वाक्यही तसंच ताडून बघ. जपानचा निक्केई डिसेंबर १९८९ मध्ये ३८,९०० च्या वर होता. ती पातळी पुन्हा ओलांडायला फेब्रुवारी २०२४ उजाडलं. चौतीस वर्षं. तुझं वय किती?

पैशाचं म्हणशील तर तुझ्या पहिल्या पगारातून आधी आठ-दहा महिन्यांचा खर्च ठेवीत ठेव. कर्ज काढून किंवा फ्युचर्स-ऑप्शनमध्ये, म्हणजे थोडी रक्कम भरून पुढच्या भावावर केलेल्या सौद्यांत, एक रुपयाही घालायचा नाही, मैत्रिणीने कितीही नफा दाखवला तरी. कंपनी बघताना नफ्याच्या आधी रोख बघ: धंद्यातून हातात आलेला पैसा आणि कागदावरचा नफा यांत दरवर्षी फरक पडत असेल तर गिऱ्हाइकांकडून येणी थकलेली असतात. मी स्वतः जॉबवर्क करतो, बिल फाडलं म्हणजे पैसे आले नव्हेत, हे मला नव्वद दिवस कळत असतं. प्रवर्तकांनी, म्हणजे कंपनीच्या मूळ मालकांनी, शेअर गहाण ठेवलेत का, नातेवाइकांच्या कंपन्यांशी व्यवहार किती, हे अहवालाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात असतं. रंगीत फोटो पुढच्या बाजूला असतात.

शनिवारी बाजाराला तुम्ही दोघं येताच. बाबांना मार्केट यार्डात सोडून तू इकडे ये. जी बँक तुझ्या मनात आहे, तिचे पाच वर्षांचे अहवाल छापून आण, निदान ठेवी, कर्जं आणि बुडीत खात्यांची पानं तरी. फळीवर त्या २००८ च्या पॅटर्नपैकी एक मी अजून ठेवलाय, तोही दाखवतो. लाल पेन्सिल माझ्याकडे आहे.

तुझा,
काका