पदवी सोडून शेतीवर फिल्म?

प्रश्न : माझी मुलगी कृषी पदवीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. अन्न आणि शेतीवरचे माहितीपट पाहून तिने ठरवलंय, की पदवी सोडायची आणि फिल्म शिकायची. ‘शाश्वत शेतीवर माहितीपट करणार’ म्हणते. हे करिअर आहे की लष्करच्या भाकऱ्या? तिला अडवू का? – एक पालक

उत्तर : अडवू नका, पण पदवीही सोडू देऊ नका. हे वाचून ती चिडेल, तेव्हा कारणं जरा सविस्तर सांगतो. पत्र तिलाही वाचायला द्या.

२००७चा ‘किंग कॉर्न’ तिने पाहिला असेल. कॉलेज संपवलेले दोन मित्र अमेरिकेतल्या आयोवात एक एकर जमीन भाड्याने घेतात, मका पेरतात आणि तो मका शेवटी कुणाच्या पोटात जातो याचा माग काढतात. या उद्योगाला निमित्त होतं केसांची तपासणी. प्रयोगशाळा त्यांना सांगते, तुमच्या शरीरातला बराचसा कार्बन मक्यातून आलाय. हे केसावरून कसं कळतं? मका सी-४ गटातली वनस्पती, गहू-तांदूळ सी-३ गटातले; हवेतला कार्बन पकडण्याची दोघांची रीत वेगळी. म्हणून मक्यातलं कार्बन-१३चं (कार्बनच्या जरा जड प्रकाराचं) प्रमाण गहू-तांदळापेक्षा वेगळं असतं आणि मका जनावराला घातला तरी ती खूण मांसातून आपल्यापर्यंत पोचते. तुमची लेक हे सी-३, सी-४ प्रकरण वर्गात शिकली आहे, बहुधा जांभया देत. फिल्म शिकवणाऱ्या संस्थेत ते कुणी शिकवणार नाही. आणि त्या एका एकराचा हिशेब? सरकारी अनुदान वगळलं तर तोटा. असा जमाखर्च वाचता येणं हेही तिच्याच अभ्यासक्रमात आहे.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. या विषयावरच्या फिल्म घाईत मोठी विधानं करतात. ‘जगातल्या मातीत आता फक्त ६० हंगाम उरलेत’ हे वाक्य तिनेही ऐकलं असेल. ते भाषणांत, बातम्यांत वर्षानुवर्षं फिरतंय, पण त्याच्या मुळाशी कुठलाही शास्त्रीय अभ्यास सापडत नाही. मातीची धूप खरी आहे, गंभीर आहे, पण ती जमिनीगणिक बदलते. काही जमिनींकडे खूपच कमी वेळ आहे, काही ठिकाणी माती वाढतेही आहे. हे समजणारा माणूस एडिटिंगच्या टेबलाशी बसलेला असला, तर असं वाक्य फिल्ममध्ये जात नाही. तिने तो माणूस व्हावं, असं मला वाटतं. कॅमेरा चालवणारे पुष्कळ मिळतात.

आता तिच्यासाठी. शेतीच्या फिल्मचं वेळापत्रक पीक ठरवतं. पेरणीचा दिवस हुकला की वर्ष हुकलं, शेतकऱ्याला ‘पुन्हा एकदा पेरा’ म्हणता येत नाही. उत्तर मॅसिडोनियातल्या मधपाळ बाईवरचा ‘हनीलँड’ (२०१९) तीन वर्षं चित्रित होत होता, ४०० तासांवर फुटेज जमलं. मुळात तो पर्यावरण संवर्धनाच्या एका प्रकल्पासाठीचा लघुपट व्हायचा होता. ‘अर्धा मध माझा, अर्धा तुमचा’ असं मधमाश्यांना सांगणारी ती बाई आणि तिच्याशेजारी येऊन राहिलेलं, सगळा मध काढून विकणारं कुटुंब, एवढ्यावर ती फिल्म उभी आहे. ‘शाश्वत’ हा शब्द कुणाला उच्चारावा लागत नाही. ते शेजारी येतील हे आधी कुणाला ठाऊक होतं? दिग्दर्शक तिथे टिकून होते म्हणून ती गोष्ट हाती लागली.

म्हणून पदवी संपेपर्यंत तिने एवढंच करावं : एक शेत, एक शेतकरी, एक पूर्ण हंगाम, आणि शेवटी दहा मिनिटांची फिल्म. फोन आणि ट्रायपॉड पुरेल. दर आठवड्याला त्याच जागेवरून तोच शॉट घ्यावा, पिकाची वाढ आपोआप दिसते. पैसे खर्चायचेच तर माइकवर. उघड्या रानात वारा आवाजाचं वाटोळं करतो, माइकवर केसाळ विंडशील्ड (वारा अडवणारं आवरण) लावल्याशिवाय मुलाखत घेऊच नये. ड्रोन नको. (वरून सगळीच शेतं सुंदर दिसतात, कर्जातली सुद्धा.) आणि शूटिंगआधी शेतकऱ्याला सांगावं, की कर्ज, भांडण, आजारपण यांतलं काय दाखवायचं नाही हे तुम्ही नंतरही सांगू शकता. तो शब्द पाळावा. त्यापायी चांगला सीन गेला तर जाऊ द्यावा.

त्याच काळात २००५ची ‘अवर डेली ब्रेड’ ही ऑस्ट्रियन फिल्मही तिने पाहावी. निवेदन नाही, मुलाखती नाहीत, फक्त कारखान्यासारखी चालणारी शेती, कत्तलखाने आणि तिथे काम करणारी माणसं. आपल्या फिल्मला व्हॉइसओव्हर खरंच लागतो का, हा प्रश्न ती पाहिल्यावर नक्की पडतो.

पदवीनंतर फिल्मचा कोर्स जरूर करावा. माझं मत विचाराल तर एडिटिंग किंवा ध्वनीचा. ही कामं दुसऱ्यांच्या फिल्मवरही मिळतात आणि स्वतःची रखडलेली असते तेव्हा घर चालतं.

राहिला तुमचा खरा प्रश्न, पैशांचा. लांबीच्या माहितीपटांवर घर चालवणारे लोक फार थोडे. बहुतेकांना जोडीला दुसरं काम असतं. तुमच्या मुलीची सोय अशी, की तिचं दुसरं काम याच रानात आहे. शेतकऱ्यांसाठी प्रशिक्षणाचे व्हिडिओ हे आज एक स्वतंत्र क्षेत्र आहे. ‘अ‍ॅक्सेस अ‍ॅग्रिकल्चर’ ही संस्था २०१२पासून असे व्हिडिओ जगभरातल्या १००हून अधिक भाषांत पोचवते. ‘डिजिटल ग्रीन’ची सुरुवात २००६मध्ये एका संशोधन प्रकल्पातून झाली. गावातल्याच शेतकऱ्यांना पडद्यावर आणायचं, गटात बसून पाहायचं आणि नंतर कुणी काय करून पाहिलं याची नोंद ठेवायची, ही त्यांची रीत. इथे पिकाची जाण आणि कॅमेरा दोन्ही असलेली व्यक्ती हवी असते. संशोधन संस्थाही लघुपट करून घेतात. कंपन्याही घेतात, पण तिथे ‘शाश्वत’ हा शब्द पाकिटावर छापायला हवा असतो. असं काम घ्यावं की नाही हे तिचं तिने ठरवावं, फक्त तिथे स्वतःची फिल्म करायला मिळेल असं समजू नये.

स्वतःच्या मोठ्या फिल्मसाठी अनुदानाच्या वाटा आहेत. अ‍ॅमस्टरडॅमच्या ‘इडफा’ महोत्सवाचा बर्था फंड आशिया, आफ्रिका, लॅटिन अमेरिकेतल्या माहितीपटांना मदत करतो. पण अर्जासोबत आधी केलेलं काम मागतात. ती दहा मिनिटं तिथे कामाला येतील.

तुमच्यासाठीही एक काम आहे. पहिला रफ कट (फिल्मची कच्ची जुळणी) तिने तुम्हाला दाखवावा आणि त्या वेळी पडद्याकडे न बघता तुमच्याकडे बघत बसावं. तुम्ही नेमके कुठे मोबाइल उचलता, ते तिने लिहून ठेवावं. त्यासाठी मुद्दाम सभ्यपणे बसू नका.