प्रोग्राम रोज आपोआप बंद-चालू करायचाय?

त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर उतरवू नका, विंडोजमधलं ठरल्या वेळी कामं चालवणारं टास्क शेड्यूलर पुरेसं आहे. नोटपॅडमध्ये तीन ओळींची बॅच फाइल (ओळीने आज्ञा लिहिलेली .bat फाइल) करा: टास्ककिल या आज्ञेने प्रोग्राम बंद, टाइमआउटने 10 सेकंद थांबा, मग स्टार्टने पुन्हा चालू. मधली ओळ गाळू नका. जुना प्रोग्राम पुरता बंद व्हायच्या आत नवा उघडला, तर अनेकदा तो सुरूच होत नाही.

टास्ककिलला सरसकट स्लॅश एफ (/F, म्हणजे जबरदस्तीने बंद) लावू नका, ही कळकळीची विनंती. त्याशिवाय प्रोग्रामला नुसता 'बंद हो' असा निरोप जातो आणि आवराआवर करायला वेळ मिळतो. स्लॅश एफने तो जागच्या जागी मारला जातो. सेव्ह न केलेलं सगळं जातं. हिशेबाच्या प्रोग्रामवर तर नकोच.

शेड्यूलरमध्ये ही फाइल रोज चालवायचं टास्क करा आणि 'रन ओन्ली व्हेन यूजर इज लॉग्ड ऑन' हाच पर्याय ठेवा. दुसरा घेतलात तर प्रोग्राम चालतो, पण त्याची विंडो दिसतच नाही. नवखे इथेच तासन्‌तास चाचपडतात. लॅपटॉपवर कंडिशन्समधली एसी पॉवरची टिकही काढा, नाहीतर बॅटरीवर असताना टास्क सुरूच होत नाही.

सर्व्हिस (पडद्यामागे विंडोशिवाय चालणारा प्रोग्राम) असेल आणि ती कोसळते एवढीच अडचण असेल, तर एवढा खटाटोप कशाला? तिच्या प्रॉपर्टीजमध्ये रिकव्हरी टॅबवर 'रीस्टार्ट द सर्व्हिस' निवडा. कोसळली की विंडोजच तिला उठवेल.