वाचकांचे प्रश्न : हिवाळ्यातील पॉलीहाउस

प्रश्न : शिरोळ तालुक्यात आमचे दहा गुंठ्यांचे पॉलीहाउस असून त्यात ऑगस्टअखेर रंगीत ढोबळी मिरचीची लागवड केली आहे. डिसेंबर लागल्यापासून फुलगळ वाढली आहे, काही फळे चपटी आणि बटणाएवढीच राहतात, तसेच छाटलेल्या जागी राखाडी बुरशी दिसते. थंडी बाधू नये म्हणून आम्ही दुपारी चारलाच पडदे सोडतो आणि सकाळी दहानंतर गुंडाळतो. रात्री आत बल्ब लावावेत काय?

उत्तर : बल्ब लावू नयेत. दहा गुंठ्यांच्या पॉलीहाउसचे आच्छादन छत आणि बाजू मिळून ढोबळमानाने दीड हजार चौरस मीटर भरते आणि आत-बाहेर एका अंशाचा फरक टिकवायचा झाल्यास त्याच्या दर चौरस मीटरमधून सुमारे सहा वॉट उष्णता निघून जाते. पाच अंशांचा फरक हवा असेल तर पंचेचाळीस किलोवॉट, म्हणजे शंभर वॉटचे साडेचारशे बल्ब रात्रभर जळत ठेवावे लागतील. छताच्या झरोक्यातून निसटणारी हवा या हिशेबात धरलेलीच नाही.

मुळात आपल्या तीन तक्रारींची कारणे तीन वेगळी असून त्यांपैकी थंडीचे कारण एकच आहे. चपटी, बी न धरलेली फळे हे रात्रीच्या थंडीचे लक्षण होय, कारण तापमान साधारण पंधरा अंशांखाली उतरले की ढोबळीचे परागकण नीट तयार होत नाहीत, आणि कोल्हापूरकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा तिथपर्यंत व कधी त्याहूनही खाली जातोच. फुलगळ मात्र बहुधा उन्हाची आहे. आपल्याकडे हिवाळ्यातही दुपारी बाहेर एकोणतीस-तीस अंश असतात. दहापर्यंत पडदे बंद राहिले आणि पुन्हा चारलाच ऊन असताना सोडले, तर आतला पारा सहज पस्तिशीपलीकडे जातो आणि फूल देठासकट गळते. तिसरी तक्रार बुरशीची. ती कोंडलेल्या दमट हवेने येते.

पॉलिथिनची साधी फिल्म काचेइतकी उष्णता धरत नाही. निरभ्र रात्री पडदे घट्ट लावले तरी आत दोन-तीन अंशच अधिक राहतात, पण रोपांनी व वाफ्यांनी सोडलेली वाफ मात्र पूर्ण अडकते, पहाटे फिल्मच्या आतल्या बाजूला थेंब होऊन साचते आणि पानांवर गळते. करडी बुरशी नेमकी अशा ओल्या जखमेतून शिरते. म्हणून पडदे सूर्यास्ताच्या तासभर आधी सोडावेत आणि सकाळी ऊन फिल्मवर आले की वाऱ्याच्या आडच्या बाजूचा पडदा आधी वीतभर उघडून वाफ जाऊ द्यावी. पारा पंचविशीला टेकला की सर्व पडदे वर घ्यावेत. त्यासाठी कमाल-किमान तापमापक रोपांच्या शेंड्याच्या उंचीवर, सावलीत टांगलेला हवा. दाराशेजारी टांगलेला तापमापक दाराचेच तापमान सांगतो.

पाणी सकाळीच द्यावे आणि दुपारनंतर ठिबक बंद ठेवावे. हवेत बारीक तुषार सोडणाऱ्या फॉगरची या दिवसांत गरज नाही. छाटणी उन्हात, दहा-अकराच्या सुमारास करावी, म्हणजे जखम संध्याकाळपर्यंत वाळते. छाटलेला पाला वाफ्यांमधल्या वाटेत पडू न देता लगेच बाहेर न्यावा.

आणखी एक गोष्ट आपण विचारलेली नाही, पण शिरोळच्या वाचकाला सांगितलीच पाहिजे. ऊसतोडीच्या हंगामात पाचटाची काजळी आणि गुऱ्हाळांचा धूर छतावर बसतो. दिवस जेमतेम अकरा तासांचा असताना ही काजळी फुले धरण्यासाठी लागणारा उजेड आणखी कमी करते. छत एकदा पाण्याने, मऊ झाडूने धुवावे. आतले शेडनेट दिवसा गोळा करून रात्री पसरावे, म्हणजे थोडी ऊब तेवढ्यानेही टिकते.

आतापर्यंत चपटी झालेली फळे सुधारणार नाहीत. ती काढून टाकावीत, झाडाचा जोर पुढच्या फुलांना मिळेल.

प्रश्न : गडहिंग्लजजवळ पॉलीहाउसमध्ये काकडी लावली. वेलांना फुले भरपूर येतात, पण फळे बोटाएवढी होऊन पिवळी पडतात. हा थंडीचा परिणाम आहे काय?

उत्तर : थंडीने वेलाची वाढ मंदावते, परंतु फुले भरपूर असताना प्रत्येक फळ बोटाएवढेच होऊन पिवळे पडत असेल तर बियाणे तपासावे. उघड्या रानातील काकडीला परागीभवनासाठी मधमाशी लागते आणि कीडरोधक जाळी मधमाशीलाही आत येऊ देत नाही. पॉलीहाउससाठी परागीभवनाशिवाय फळ धरणारे, बिनबियांच्या काकडीचे वाणच घ्यावे लागतात. सध्याचे वेल वाचवायचे असतील, तर सकाळी नर फूल तोडून त्याचे पराग मादी फुलाच्या मधोमध हाताने लावावेत. मादी फुलामागे इवलीशी काकडी असते, त्यावरून ते ओळखता येते. दोन-चार ओळींपुरते हे काम जमेल, संपूर्ण पॉलीहाउसला मजुरी परवडणार नाही.