सातवी चिठ्ठी
मावशीकडून निघताना तिच्या घरात पंचवीस गमतीच्या चिठ्ठ्या लपवून जायची तुमची कल्पना झकास आहे. फक्त पंचवीस नकोत, नऊ पुरे. 1 ते 10 आकडे घाला आणि 7 लिहूच नका. सगळी गंमत त्या नसलेल्या सातवीत आहे. माणसं गाद्यासुद्धा उलट्या करतात!

नवखे हमखास इथे चुकतात:

- सगळ्या चिठ्ठ्या एकाच खोलीत ठेवतात. तासाभरात खेळ खलास. दोन सहज सापडू द्या, म्हणजे शोध सुरू होतो: एक उशीच्या अभ्र्यात, एक रिमोटच्या पाठीला. बाकीच्या उशिरा उघडणाऱ्या जागी. मिटलेली छत्री सर्वांत उत्तम, उघडताच चिठ्ठी डोक्यावर पडते.
- सेलोटेप. महिन्याभराने ओढला की भिंतीचा पोपडा निघतो. मास्किंग टेपचा बोटभर तुकडा घ्या, टोक दुमडून ठेवा.
- न्हाणीघरात जेलपेनची चिठ्ठी. ओलीने शाई पसरते. बॉलपेन बरं.

औषधं, गॅसची शेगडी, पाकीट, खासगी कपाट यांना हात नको. प्रत्येक जागेचा फोटो काढून ठेवा, नाहीतर तुम्हीच विसराल.

फोन आला की "सातवी अजून नाही मिळाली?" एवढंच म्हणा. दोन आठवड्यांनी मात्र सांगून टाका.